उंच चाकावरून, आईला

आई,

मी आता अशी एक सायकल चालवते, जिचं पुढचं चाक माझ्या छातीपर्यंत येतं. मागचं चाक मात्र लहान मुलांच्या सायकलचं असतं तेवढंच. साखळी नाही, गिअर नाही, ब्रेक नावापुरता. पायडलं थेट मोठ्या चाकाच्या मध्यावर बसवलेली आणि सीट त्या चाकाच्या माथ्यावर. दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत अशा सायकली निघाल्या होत्या. साखळीची सायकल आली आणि त्या अडगळीत गेल्या. आता ठिकठिकाणची काही माणसं त्या पुन्हा बनवून घेतात आणि हौसेनं चालवतात. आपल्या नाशिकमध्ये, मला ठाऊक आहे तेवढ्यापुरते, आम्ही दोघं आहोत. एक सत्तरीला टेकलेले फिटर, आणि दुसरी मी. तू गेलीस तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते, आता एकोणसाठ पूर्ण झाली. तू बावन्न वर्षांची होऊन थांबलीस. म्हणजे मी आता तुझ्याहून मोठी आहे, आणि हे लिहितानाही चमत्कारिक वाटतं.

शाळेतून निवृत्त होऊन मला वर्ष होऊन गेलं. पहिले दोन महिने मी घरातल्या सगळ्या बरण्या घासल्या, जुने फोटो चिकटवले, आणि मग यांच्या कपाटाला हात घातल्यावर हे म्हणाले, "अगं, सकाळी जरा फिरून येत जा." तशी मी जेल रोडच्या बाजूला फिरायला जायला लागले. एका सकाळी थंडी होती, थोडं धुकं होतं, आणि समोरच्या लांबलचक कंपाउंडच्या भिंतीवरून एक माणूस छातीपासून वरचा तेवढा सरकत गेला. भिंत माझ्या डोक्याएवढी. तो चालत नव्हता, कारण डोकं जराही वरखाली होत नव्हतं. आवाज नाही. भिंत संपली तिथे तो मोकळ्या रस्त्यावर आला, तेव्हा खाली ते चाक दिसलं. मी रस्त्याच्या मध्ये उभी राहून हसले, आई. कुणावर नाही, नुसतीच हसले. शिक्षिका म्हणून चौतीस वर्षं मी असं रस्त्यात हसल्याचं मला आठवत नाही.

ते हे फिटर. एकलहऱ्याच्या पॉवर हाउसमध्ये वर्कशॉपला होते. बाबाही तिथेच होते, पण खातं वेगळं, दोघांची गाठ पडली नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुठल्याशा पुस्तकात या सायकलचं चित्र पाहिलं आणि ती डोक्यात बसली. एवढी मोठी रिम कुठे मिळेना, म्हणून सातपूरला ओळखीच्या वर्कशॉपात पाइप वाकवणाऱ्या मशीनवर वाकवून घेतली. एवढे लांब स्पोक मिळेनात, तर मालेगावला जाऊन एका म्हाताऱ्या सायकलवाल्याकडून तार कापून, टोकांना आटे पाडून आणले. टायर भरीव रबराचा, हवाच नसते त्यात. "पहिलं चाक अंड्यासारखं झालं होतं, मॅडम," ते म्हणाले, "तीनदा सोडलं, तीनदा बांधलं." मी विचारलं, "पण का?" तुझाच प्रश्न, तुझ्याच सुरात. त्यांनी सीटवर थाप मारली. म्हणाले, "बसून बघा. मग मला पण सांगा."

बसले मात्र चार महिन्यांनी. कारण ही सायकल उसनी घेऊन चालवता येत नाही. साध्या सायकलची सीट वरखाली करता येते, हिचं चाकच पायाच्या मापाचं लागतं. पाय लांब तर चाक मोठं, पाय आखूड तर चाक लहान. त्यांचं चाक मला सहा इंचांनी मोठं होत होतं. मी नको नको म्हणत असताना त्यांनी माझ्यासाठी दुसरं चाक करायला घेतलं. एक दिवस त्यांच्या घरी बोलावलं. त्यांच्या बायकोनं शिवणकामाची टेप आणली, मला भिंतीला टेकून उभं केलं आणि ब्लाउजचं माप घ्यावं तसं माझ्या पायाचं आतून माप घेतलं. "आखूड आहेत हो," ती आतून ओरडली. "मग शेहेचाळीस इंची चाक!" ते बाहेरून ओरडले. आम्ही दोघी हसून हसून बेजार. एवढ्या वर्षांत पायांचं माप कुणी घेतलं नव्हतं, आणि आखूड आहेत म्हणून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

चढायचं कसं ते सांगते, कारण तुला त्यातली गंमत कळेल. मागच्या लहान चाकाच्या वर, दांड्याला, पाऊल मावेल एवढी एक पायरी असते. हँडल दोन्ही हातांनी धरून सायकल ढकलत न्यायची, डावा पाय त्या पायरीवर, उजव्या पायानं दोन-तीन टप्पे घ्यायचे आणि सायकल चालती असतानाच अंग वर उचलून सीटवर बसायचं. बसलं की फिरती पायडलं पायांनी पकडायची. ती थांबत नाहीत. चाक फिरतं तोवर पाय फिरतात. थांबायचं तर उतरायलाच हवं, आणि उतरायचं तर मागे पाय नेऊन ती न दिसणारी पायरी चाचपायची. मला पहिला महिना फक्त पायरीवर उभं राहणं जमत होतं. दुसऱ्या महिन्यात एकदा बसले, दहा-बारा हात गेले, पुढे खडा आला, चाक अडलं आणि मी हँडलवरून सरळ पुढे. कोपर सोलून निघालं, चष्म्याची काच गेली. घरी यांनी हळद लावता लावता चिडून विचारलं, "तुझं वय काय, तू करतेस काय? हाड मोडलं असतं म्हणजे?" मी म्हटलं, "मोडलं नाही ना." "हे उत्तर आहे का?" ते म्हणाले. नव्हतंच. चौथ्या दिवशी सकाळी मी निघाले तर दारात जुनी गुडघ्याची पट्टी ठेवलेली, कोपराला बांधायला.

फिटर 'मला पण सांगा' म्हणाले होते, त्याचं उत्तर आता मी थोडं थोडं देऊ शकते. वरून भिंतीपलीकडचं दिसतं. कुणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय, कुठल्या बंगल्यात मागे विहीर आहे आणि तिच्यावर जाळी टाकलीय, ट्रकवाल्यानं टपावर कुठली चादर पसरलीय. ज्या रस्त्यानं मी अर्धं आयुष्य शाळेत गेले, त्याची अशी दुसरी बाजू होती हे मला कळलंच नव्हतं. साखळी नसल्यामुळे आवाज नाही. रबर डांबरावर घासतं तेवढाच. आणि लांबचं बघावं लागतं. ऐन वेळी ब्रेक दाबू म्हणून चालत नाही, तिकडच्या वळणावर रिक्षा उभी आहे हे इकडूनच बघून ठेवायचं. डोक्यात दुसरं काही उरतच नाही. मला वाटतं, सगळ्यात मोठी गोष्ट ही, की हिचा काही उपयोग नाही. पिशवी अडकवता येत नाही, भाजीवाल्यापाशी थांबता येत नाही, पावसात नेता येत नाही, कुणाला मागे बसवता येत नाही. मी जन्मभर उपयोगाच्याच गोष्टी केल्या. घरी सकाळी उठून जे करायचं ते उपयोगाचं, शाळेत शिकवायचं ते परीक्षेला उपयोगाचं. ही पहिली गोष्ट, जिच्याबद्दल 'कशासाठी' म्हणून विचारलं तर मला सांगता येत नाही.

आणि लोक विचारतातच. सिग्नलपाशी स्कूटरवाले काच खाली करावी तसं हेल्मेट वर करून विचारतात, "मॅडम, कशाचा प्रचार आहे?" एकानं विचारलं, "निवडणूक आहे का?" बायका एकच विचारतात, "उतरणार कशा?" पहिल्यांदा गर्दीच्या रस्त्यावर काढली तेव्हा मी तोंडाला स्कार्फ बांधला होता, कॉलेजच्या मुली बांधतात तसा, फक्त डोळे उघडे. फिटरना म्हटलं, धूळ असते. खरं म्हणजे मला कुणी ओळखायला नको होतं. बिटको चौकाच्या अलीकडे एक रिक्षा शेजारून गेली, रिक्षावाला बाहेर वाकला, वर बघून ओरडला, "मॅडम! भूगोलाच्या मॅडम ना तुम्ही?" डोळ्यांवरून ओळखलं त्यानं. मी मान हलवली. तो पुढच्या चौकापर्यंत माझ्या शेजारून हळूहळू रिक्षा चालवत राहिला, मागच्यांना हातानं थांबा थांबा करत. त्या दिवशी घरी येऊन स्कार्फ सोडताना माझे कान तापले होते, आणि मला चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी तू आठवलीस. तशी रोज आठवतेस, पण ती फोटोतली. त्या दिवशी आठवलीस ती रस्त्यावरची.

तुझी बावीस इंची गड्याची सायकल. तुझ्या आरोग्य उपकेंद्रात तुझ्या आधी मलेरियाचे एक कर्मचारी होते, त्यांची बदली झाली आणि ती तिथेच राहिली, ती तू घेतलीस. मध्ये आडवी नळी. पाचवारी साडीत त्या नळीवरून पाय टाकता येत नाही म्हणून तू निऱ्या वर खोचायचीस, आणि चढायला दगड शोधायचीस. पॉवर हाउसच्या कॉलनीच्या फाटकापाशी तुझा एक दगड ठरलेला होता, मोरीच्या कठड्याचा निखळलेला. तसे तुझ्या सगळ्या गावांत तुझे दगड ठरलेले असणार. मागे कॅरिअरला बर्फ भरलेली लसींची पेटी, हँडलला रजिस्टरची पिशवी. सकाळी पॉवर हाउसच्या भोंग्याबरोबर निघायचीस. मी नववीत होते तेव्हा मला हे सगळं दिसायला लागलं. आधी ते होतंच, पण आता दिसायला लागलं. तुझी पोटरी दिसते हे दिसायला लागलं. कॉलनीतल्या बाकी बायका सायकल चालवत नाहीत, आणि गड्याची तर नाहीच, हे दिसायला लागलं.

त्या दिवशी मी घरी कंपासपेटी विसरले होते. भूमितीचा पेपर होता. तू अर्ध्या वाटेवरून परत फिरून, ती घेऊन शाळेत आलीस. आम्ही पटांगणात ओळीत उभ्या. तू फाटकातून आत आलीस, सायकलवरच, धापा टाकत, निऱ्या खोचलेल्या, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं, आणि माझ्या नावानं हाक मारलीस. मी ओळीतून बाहेर आले, पेटी घेतली. परत जाताना तुला चढायला काही सापडेना. तू सायकल धरून इकडेतिकडे बघत राहिलीस आणि शेवटी झेंड्याच्या चौथऱ्याला सायकल लावून चढलीस. मागून कुणीतरी हसलं. मग ओळच्या ओळ हसली. मधल्या सुट्टीत एका मुलीनं बाकाला बाक लावून, फ्रॉक खोचून, तुझी नक्कल केली, आणि मी, आई, तिच्याकडे बघून हसले. सगळ्यांच्या आधी थांबले नाही, सगळ्यांबरोबर थांबले.

संध्याकाळी तू स्वयंपाकघरात गवार मोडत बसली होतीस. मी दाराशीच उभी राहून बोलले. बसले असते तर बोलता आलं नसतं. "तू शाळेत येत जाऊ नकोस. आणि कॉलनीतून सायकलवर जाऊ नकोस. सगळे हसतात." तू शेंगेची दोन्ही टोकं मोडून शीर ओढलीस. ती शेवटपर्यंत अखंड निघाली. मग म्हणालीस, "बरं." एवढंच. "पेपर कसा गेला?" हेही विचारलंस. दुसऱ्या दिवशी तू पायी निघालीस. एका खांद्याला पेटी, दुसऱ्याला पिशवी. दोन-चार दिवसांनी बाबांनी विचारलं, "सायकल कुठंय?" तू भाकरी थापत म्हणालीस, "ठेवली तिकडे." मी समजले, उपकेंद्रात परत केली. कुणी पुन्हा विषय काढला नाही. मी खिडकीतून तुला जाताना बघायची, रस्त्याच्या कडेनं, ऊन असेल त्या बाजूचा पदर डोक्यावर घेऊन, आणि मला बरं वाटायचं. लगेच वाईटही वाटायचं. पण बरं आधी वाटायचं. तुझ्या हाताखाली पाच गावं होती. पाच गावं तू माझ्यामुळे पायी फिरलीस, असं धरून मी आजवर जगले.

गेल्या महिन्यात एका रविवारी फिटर म्हणाले, एकलहऱ्याला जाऊन येऊ, सकाळी रस्ता मोकळा असतो. नाशिकरोडच्या पुढे रस्ता सुटला, दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, वरून त्यांचे मांडव हिरवा कागद अंथरल्यासारखे दिसत होते, आणि समोर लांबवर पॉवर हाउसच्या चिमण्या. मी तिकडे पंचवीस वर्षांत गेले नव्हते. कॉलनीत बरीच क्वार्टर्स बंद. आपल्या दारावर पिंपळ उगवलाय, पण ते असो. फिटरना त्यांचे एक जुने सोबती भेटले, चहा निघाला. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी पुढच्या गावापर्यंत जाऊन येते. तुझ्या पाच गावांतलं पहिलं. वेशीपाशी म्हशी आडव्या आल्या, म्हणून उतरले. जमलं, पायरी पहिल्याच झटक्यात सापडली. शेजारच्या घरापुढे एक सत्तरीच्या पुढची बाई भांडी घासत होती. ती हातातलं पातेलं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"अगं बया, उतरली की! मला वाटलं आता पडती." मग म्हणाली, "सर्कसवाली हाय का?"

"नाही हो मावशी. नाशिकरोडची. शाळेत होते, आता रिटायर झाले."

"मंग ही असली सायकल कशापायी?"

"असंच."

ती हसली. "असंच! आमच्या नर्सबाई बी असंच म्हनायच्या. लय वर्सं झाली. कालनीतून यायच्या, गड्याच्या सायकलीवर. माझी दोन बाळंतपनं त्यांनीच केली."

मी सायकल भिंतीला टेकवली. म्हटलं, "मी त्यांची मुलगी."

तिनं पातेलं खाली ठेवलं. पदराला हात पुसले, जवळ आली, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "म्हंजी जिला लाज वाटायची, ती तू?"

मी म्हटलं, "हो. माझ्यामुळेच आईनं सायकल सोडली."

"सोडली? कवा सोडली?" तिला काही समजेना. "बदली व्हईस्तोवर सायकल हितंच व्हती की. ह्या पडवीत. सकाळच्या कालनीतून पायी यायच्या, हितून सायकल काढायच्या, सांजच्याला परत लावून पायी जायच्या. माझा सासरा तिला तेल द्यायचा. वर पोतं टाकून ठिवायचो आमी, कोंबड्या बसत्यात म्हनून."

"किती दिवस?"

"दिवस काय इचारती? माझा थोरला रांगत व्हता तवापासून, त्यो शाळंत जाया लागला तवर."

मी विचारलं, "का ठेवते, काही सांगितलं होतं का तिनं?"

"सांगितलं की. म्हनायच्या, पोरगी मोठी होती हाय, तिला लाज वाटती. तिची लाज गेली की नेईन घरी." माझा चेहरा बघून तिनं माझ्या दंडाला हात लावला. "रागानं नाय म्हनायच्या गं. हसायच्या. अन् एक सांगू का? ह्यो नदीकडचा उतार हाय ना, तिथं बाई दोन्ही पाय पायडलावरनं काढायच्या, असे पुढं लांब करायच्या, अन् वरडायच्या."

"काय ओरडायची?"

"काय नाय. नुस्तंच. हूऽऽऽ करून. मळ्यातली मान्सं उठून बघायची, बाईला येड लागलं का काय. मला म्हनल्या एकदा, तू पन बस मागं. मी बसले व्हते. सासूनं लय बोल लावला, पन मी बसले व्हते."

तिनं चहा केला. बिनदुधाचा, गुळाचा. मी पडवी बघितली. आता तिथे खताची पोती आणि एक मोटरसायकल आहे. मग ती मला नदीकडचा उतार दाखवायला घेऊन गेली. मला वाटलं होतं काहीतरी मोठा कडा असेल. साधा उतार आहे, आता सिमेंटचा केलेला, खाली गोदावरी आणि पलीकडे ऊस. माझ्या सायकलवर उतार कसा उतरतात ते ऐक. पायडलं इतकी जोरात फिरायला लागतात की पाय त्यांच्यावर ठेवता येत नाहीत, म्हणून दोन्ही पाय उचलून हँडलवरून पुढे टाकायचे आणि तसंच बसून खाली जायचं. फिटर करतात. मला त्यांनी बंदी केली आहे. ती म्हातारी वर उभी राहून वाट बघत होती, आणि मी सायकल हातानं धरून, पावलं मोजल्यासारखी टाकत, खाली उतरले. भीती वाटली. तुझ्यासारखं करून दाखवावं असं फार वाटलं, आणि केलं नाही.

घरी आल्यावर दोन दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. पहिल्यांदा हलकं वाटलं, हे खरं. पाच गावं तू पायी फिरली नाहीस. मग राग आला. घरात तू कधी आवाज चढवला नाहीस. बाबांची शिफ्ट असायची, झोप मोडेल म्हणून तू आम्हाला भांडीसुद्धा वाजवू द्यायची नाहीस. आणि तिकडे दोन मैलांवर तू पाय पसरून ओरडत होतीस, आणि ते पाहायला सगळं गाव होतं, मी नव्हते. तुझी सायकल मला कामाची वाटायची. लस, रजिस्टर, बाळंतपणं. तुला ती आवडत असेल हे माझ्या मनातही आलं नाही. मी तुझ्याकडून कष्ट काढून घेतले की वाढवले, एवढाच हिशेब मी करत राहिले. आनंदाचं नावच नव्हतं त्यात. माझी लाज गेल्यावर तू ती घरी नेणार होतीस. पण मी लाज गेली असं कधी सांगितलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस. मग बदली झाली, तुला देवळाली कॅम्पच्या बाजूला बसनं जावं लागायला लागलं, आणि सायकल कुणाकडे गेली ते त्या म्हातारीलाही आठवत नव्हतं.

यांना शेवटी सांगितलं. सगळं ऐकून हे म्हणाले, "सासूबाई मला फार गंभीर वाटायच्या." मग थोड्या वेळानं, "त्या बाईकडे परत जाणार असशील तर मी येतो. गाडी घेऊन मागे." जाणार आहोत. तिला फोटो पाहिजे तुझा.

आता एकच गोष्ट. तू पायी जायला लागलीस, त्याच आठवड्यापासून मी संध्याकाळी तुझे पाय चेपायला लागले. माफी मागायला तोंड उघडत नव्हतं, म्हणून. तू चटईवर आडवी व्हायचीस, मी आधी तळवे, मग घोटे, मग पोटऱ्या. तू डोळे मिटून पडायचीस आणि मी शाळेतलं सांगायची. कोण काय बोललं, कुठल्या बाई रजेवर गेल्या. दुसऱ्या कुठल्याही वेळी मी तुला एवढं सांगितलं नसेल. लग्न होऊन जाईपर्यंत हे चाललं, आणि मग दवाखान्यात, तुझ्या शेवटच्या महिन्यात, पाय सुजलेले असताना पुन्हा. तेव्हाही तू म्हणाली नाहीस, की बाई गं, मी काही पायी फिरत नव्हते. अर्ध्याहून जास्त वाट तर मी सायकलवर होते. नुसती डोळे मिटून पडून राहिलीस.

हे शाळेतल्या परीक्षांच्या उरलेल्या पुरवण्यांवर लिहिलंय, चार झाल्या. कुणाला दाखवणार नाही, कपाटात राहतील. पण तुझ्यावर रागावले आहे असं वर लिहिलं, म्हणून हेही लिहून ठेवते. तू तेव्हाच खरं सांगितलं असतंस, तर दुसऱ्या दिवसापासून मी तुझे पाय चेपायचे सोडले असते. मला ठाऊक आहे, मी सोडले असते. आणि मला वाटतं, तुलाही ठाऊक होतं.